यंत्रमागाची चित्रफीत करताना

मी सोलापुरात विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गांना इतिहास शिकवते. शहराच्या वस्त्रोद्योगावरील व्याख्यानाची चित्रफीत करून घेण्यासाठी मी आमच्या दृक्‌श्राव्य विभागाकडे मागणीअर्ज दिला, तेव्हा कॅमेरा समोर ठेवावा आणि मी तासभर बोलावे, एवढीच माझी कल्पना होती. विभागप्रमुखांची सही एका दिवसात मिळाली. मी अडले ती ‘कोण पाहणार आणि कशावर’ या रकान्यापाशी. बहुतेक विद्यार्थी बसमध्ये, मोबाइलवर पाहणार असे लिहिल्यावर तासाचे व्याख्यान सहा भागांत मोडावे लागले, आणि वर्गात शेवटच्या बाकावरून दिसणारा नकाशा तळहाताएवढ्या पडद्यावर निरुपयोगी ठरेल, हेही तेव्हाच कळले.

१८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून आजच्या यंत्रमागांपर्यंतचा भाग स्टुडिओत झाला. तेथे पहिला दिवस वाया गेला तो माझ्यामुळे. विषयाला शोभेल म्हणून मी बारीक चौकडीची हातमागाची साडी नेसून गेले होते. “मॅडम, साडी बदलावी लागेल,” असे छायाचित्रकार म्हणाले, आणि पडद्यावर त्यांनी दाखवले की त्या चौकटी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील बिंदूंच्या जाळीशी गुंतून अंगावर रंगीत लहरी उठत होत्या. दुसऱ्या दिवशी मी साधी निळी साडी नेसले.

चादरीची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, कशी उतरते, हे दाखवण्यासाठी पूर्व भागातील एका कारखान्यात जायचे होते. चित्रीकरणाच्या आठवडाभर आधी छायाचित्रकार तेथे नुसतेच पाहून आले, हे मला तेव्हा वेळखाऊ वाटले होते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. शटरची गती त्याच्याशी जुळवली नाही, तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात, म्हणून त्यांनी ती १/५० सेकंदावर ठेवली. धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या मागाच्या भागाच्या, खडखडाटात मात्र कॉलर माइकचा काहीच उपयोग नव्हता. तेव्हा मागांचा आवाज स्वतंत्रपणे घेतला आणि माझे निवेदन नंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले.

संमतिपत्रांना सर्वांत जास्त वेळ लागला, आणि लागायलाच हवा होता. ती मराठीत होती, तर कामगारांपैकी अनेकांच्या घरची भाषा तेलुगू. एका ज्येष्ठ कामगाराने प्रत्येक वाक्य समजावून सांगितल्यावरच सह्या झाल्या. तुटलेला धागा जोडणाऱ्या एका बाईंनी चेहरा नको, हात घ्या, असे सांगितले. त्यामुळे ते दृश्य केवळ हातांचे आहे, आणि गाठ कशी बसते हे त्यात अधिक स्पष्ट दिसते.

संपादन लवकर आटोपले. चित्राखाली दिसणाऱ्या निवेदनाच्या ओळींसाठी संगणकाच्या आज्ञावलीने आपोआप लिहून दिलेल्या मजकुरात ‘धोटा’ बहुतेक ठिकाणी ‘धोका’ झाला होता. तो हाताने दुरुस्त करण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या.

पूर्ण झालेले सहाही भाग मी कारखान्यात नेऊन दाखवले. चौथा भाग संपता संपता त्याच ज्येष्ठ कामगाराने शांतपणे लक्षात आणून दिले की मी एका ठिकाणी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, बाणा, म्हणजे आडवा धागा, म्हटले आहे. मी निवेदनाच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मागणीअर्ज भरला.