वाटपाच्या दिवशी आम्हाला का बोलावत नाही?

दिवाळीच्या आधी आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरातले काही जण नवी खेळणी गोळा करतो. आजूबाजूच्या वस्त्यांत ज्यांच्या घरी या खर्चाला जागाच नसते, त्यांच्या मुलांसाठी. खेळणं देऊन झालं की देणारं कुणीतरी हमखास विचारतं, "वाटप कधी आहे काकू? आम्हीपण येतो, मुलांचे चेहरे बघायला." मी नको म्हणते. मग पुढचा प्रश्न, का नको? फोनवर याचं उत्तर तुटक होतं आणि समोरच्याला राग येतो. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळंच लिहिते.

पहिलं म्हणजे, आमच्याकडे वाटप असं नसतंच. सुट्ट्या लागायच्या आधीच्या एका दुपारी, मुलं शाळेत असताना, हॉलमध्ये टेबलं मांडतो आणि वयाप्रमाणे खेळणी लावतो. कुणाकडे किती मुलं, कुठल्या वयाची, हे अंगणवाडीच्या ताईंकडून आधी कळलेलं असतं. धुणं-भांडी करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बाया येतात, काही वडीलही येतात. हिंडून बघतात, स्वतः निवडतात. रंगीत कागद आणि चिकटपट्टी आम्ही वेगळी देतो. खेळणं घरी जाऊन पेटीत किंवा माळ्यावर लपतं आणि दिवाळीला मुलाला मिळतं ते त्याच्या आईकडून. मधे कुणी काकू आहेत, हे त्याला कळायचं कारणच नाही.

आणि आईची निवड आपल्यापेक्षा चांगली असते. मागे एकीनं मोठी झगमगती मोटार हातात घेतली, उलटी केली आणि मला विचारलं, "दीदी, इसमें सेल कितने लगते हैं?" चार लागत होते. तिनं ती गुपचूप खाली ठेवली आणि बुदनी गावात बनलेली लाकडी गाडी उचलली. मोटार देणाऱ्यानं प्रेमानंच दिली होती, पण सेल संपल्यावर रडणारं पोर त्याच्या घरी नसणार. तेव्हापासून सेलवरच्या खेळण्याला आम्ही जास्तीचे सेल बांधून ठेवतो.

ही पद्धत काही आम्ही शोधून काढलेली नाही. अमेरिकेत नाताळच्या सुमारास 'टॉइज फॉर टॉट्स' नावाची मोहीम चालते. 1947मध्ये लॉस एंजेलिसला बिल हेंड्रिक्स या मरीन रिझर्व्हच्या, म्हणजे मरीन दलाच्या राखीव फौजेतल्या, अधिकाऱ्यानं ती सुरू केली. बायकोनं हातानं केलेली बाहुली एखाद्या गरजू मुलापर्यंत पोचवायची होती, पण असं काम करणारी संस्थाच सापडेना. मग तूच एक काढ, असं बायको म्हणाली. पहिल्याच वर्षी 5,000 खेळणी जमली. तिथेही नवं आणि कागदात न गुंडाळलेलं खेळणं मागतात. मला ते फार पटलं. वय बघून लावायला सोपं जातं हे खरंच, पण कागद लावायची हौस आई-बापांसाठी शिल्लक राहते, हे त्याहून मोठं.

आता "नाही" ऐकूनही देणारे कोण, ते सांगते. राणीपुऱ्यातले एक ठोक दुकानदार खरेदीच्या भावात माल देतात आणि वर चेंडूंची गोणी टाकतात. पावतीवर चेंडू नसतात. आमच्या भिशीतल्या बायका दिवाळीआधीचा एक हप्ता इकडे वळवतात. लोडिंग रिक्षावाला भाडं सांगताना नेहमी इतकं कमी सांगतो की आम्हालाच घासाघीस उलटी करावी लागते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात. 1 जानेवारी 2021पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. ती नसेल तर काका खेळणं बाजूला काढतात, देणारा कितीही जवळचा असो. अपवाद इथल्या चामड्याच्या घोड्या-हरणांचा. त्यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ही वस्तू इथलीच खास अशी सरकारी नोंद आहे, आणि अशा वस्तूंना या सक्तीतून सूट आहे. बटणासारख्या सेलचं झाकण नुसत्या बोटानं उघडत असेल, तर ते खेळणं काका लहानांच्या टेबलावर जाऊच देत नाहीत. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. या माणसानं खेळणं मिळालेलं एकही मूल आजवर पाहिलेलं नाही. त्यानं कधी विचारलंही नाही.

जुनी खेळणी का घेत नाही, हेही विचारता. धड असलेली सायकल, गोष्टीची पुस्तकं घेतो. हात तुटलेल्या बाहुलीसाठी आपल्या इंदुरात सकाळी दारात कचऱ्याची गाडी येते.

तुमचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे: आमच्या मुलाला देण्याची सवय लागावी, म्हणून त्याच्या हातून द्यायचंय. हेतू चांगला आहे. पण शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत सुरुवातीच्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या असतात. तुमच्या मुलानं ज्याला खेळणं दिलं, तोच सोमवारी त्याच्या शेजारच्या बाकावर असू शकतो. मग दोघांनी एकमेकांकडे कसं बघायचं? त्यापेक्षा मुलाला दुकानात न्या आणि त्याला स्वतःला हवंसं वाटेल तेच घ्यायला लावा. घरी येईपर्यंत त्याची जी चुळबुळ होते, तिच्यात सगळं शिक्षण होतं.

फोटोचं म्हणाल, तर एका कंपनीनं भरपूर खेळणी देऊ केली होती, अट एवढीच की मुलांनी कंपनीचा फलक धरून उभं राहायचं. लग्नातला आहेर माईकवरून वाचून दाखवावा तसलं ते. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं, एक फोटो काढून द्यावा, खेळणी तर मिळतील. त्यावर खूप वाद झाला. शेवटी आम्ही नाही म्हटलं. त्या वर्षी टेबलं जरा मोकळी दिसली, हे खरं आहे.

तेव्हा यायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी या. वयाप्रमाणे लावायचं काम असतं, सेल घालून बघायचे असतात, कॅरमच्या सोंगट्या मोजायच्या असतात. चहा आणि पोहे मिळतील. येताना अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी काहीतरी आणा: बॅडमिंटनच्या रॅकेटी, फुटबॉल, बुद्धिबळाचा पट. सगळे चार वर्षांच्या मुलाचाच विचार करून खरेदी करतात, आणि मोठ्यांचं टेबल पहिल्या तासाभरात रिकामं होतं. टेडी आमच्याकडे पुरेसे आहेत.