व्हिएन्नातला उन्हाळा आणि एका सहीसाठी गेलेला मे

ऑस्ट्रियात हॉटेलाऐवजी कुणाच्या घरात राहायला गेलात, की तीन दिवसांच्या आत सरकारदरबारी नाव नोंदवावं लागतं. तिथलाच माणूस असो की परदेशी, सगळ्यांना हाच नियम. म्हातारी सासू असो की सात वर्षांचं पोर, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. फॉर्म जेमतेम पानभर, फी काही नाही, काम पाच मिनिटांचं. नाही नोंदवलं तर दंड ७२६ युरोपर्यंत. हे सगळं मी पुण्यात बसून वाचलं होतं. फॉर्म छापून, भरून, पारदर्शक फोल्डरमध्ये घालून नेले होते. तरीही २०२४ चा जवळजवळ अख्खा मे महिना हा नोंदणीचा फॉर्म, 'मेल्डेत्सेटेल', माझ्या मानगुटीवर बसला होता. अजून राग उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

ह्यांना व्हिएन्नातल्या एका संस्थेत उन्हाळ्यापुरतं काम मिळालं होतं. मुलांची सुट्टी होतीच, जूनमधली थोडी शाळा बुडणार होती, ती वर्गशिक्षिकांना पत्र देऊन बुडवली. सासूबाई 'मी एकटी इथे काय करू' म्हणाल्या, म्हणून त्याही आल्या. व्हिसा, तिकिटं, विमा हे सगळं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घरही चांगलं मिळालं. एक मुलगी उन्हाळाभर ग्राझ या दुसऱ्या शहरात जाणार होती, तिने आपला फ्लॅट आम्हाला उपभाड्याने दिला. ती स्वतः तिथे भाडेकरू, घरमालक एक कंपनी. किल्ली शेजारच्या आजींकडे ठेवून ती आम्ही पोहोचायच्या आधीच गेली.

आणि तिथेच घोडं अडलं. त्या फॉर्मच्या तळाशी घर देणाऱ्याची सही लागते. मुलगी भली, तिने सगळ्यांच्या फॉर्मवर सह्या करून, स्कॅन करून ई-मेलने पाठवल्या होत्या. मी त्या छापून घेतल्या, पासपोर्टांची चवड घेतली आणि ऑनलाइन वेळ घेऊन आमच्या भागातल्या कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म उजेडासमोर धरला, अंगठ्याने सही चोळून पाहिली आणि म्हणाल्या, ही छापलेली आहे, पेनाची आणा. मी म्हटलं, ती ग्राझला आहे, फोन लावून देते, तुम्हीच बोला. नाही. ई-मेल दाखवते. नाही. बरं, नवऱ्याची सही चालेल का, तो सज्ञान आहे, त्याच घरात राहतो. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पासपोर्ट गोळा करायला लागले.

नियम नियमाच्या जागी, ते मला मान्य आहे. संताप आला तो पुढच्या खेपेला. त्या वेळी खिडकीत दुसरे गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, भाडेकरूची सही मुळात चालणारच नाही, घरमालकाची आणा. म्हणजे त्या कंपनीची, जिला आम्ही कोण हेही ठाऊक नव्हतं. पेनाचं राहिलंच बाजूला. त्या रात्री ह्यांच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याने फोनवर कायदा वाचून दाखवला: तुम्हाला राहायला जागा जो देतो, त्याची सही. आम्हाला जागा त्या मुलीने दिली, तेव्हा सही तिचीच. हे एक वाक्य खिडकीतल्या माणसाला माहीत नसावं? की माहीत असून समोरच्याला वाटेला लावणं सोपं वाटावं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यात ऑस्ट्रियाचा मे महिना. १ मे सुट्टी, हे आपल्यालाही ओळखीचं. पण ९ तारखेला गुरुवारी येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, २० ला पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवार, ३० ला पुन्हा गुरुवारी सुट्टी. गुरुवारीच कार्यालय संध्याकाळपर्यंत उघडं असतं, म्हणजे ह्यांना कामावरून सुटून येता आलं असतं तो नेमका वार ९ तारखेला गेला. गुरुवारच्या सुट्टीला जोडून शुक्रवारही बरेच जण घेतात, हे कुणी सांगावं लागलं नाही, रस्त्यावरच कळलं.

मग पोस्ट. कोरे फॉर्म ग्राझला पाठवले. पोस्ट खरंच झटपट आहे, पाकीट लगेच परत आलं. उघडून बघते तर एकाच फॉर्मवर सही. तिला वाटलं, कुटुंब एक म्हणजे सही एक. तिचं तरी काय चुकलं, मला स्वतःलाही तसंच वाटलं असतं. तीन दिवसांची मुदत केव्हाच मागे पडली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर ७२६ गुणिले माणसं असा हिशेब नाचत होता. धाकट्याला तर रोज सकाळी एकच प्रश्न: आज ग्रंथालयाचं कार्ड मिळणार का? व्हिएन्नाच्या सार्वजनिक ग्रंथालयांत मुलांना कार्ड फुकट मिळतं, पण पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे हाच नोंदणीचा कागद.

शेवटी तोडगा काढला सासूबाईंनी. "पोस्टाने सह्या मागवण्यापेक्षा त्या पोरीकडेच जाऊन येऊ. आगगाडी जाते ना तिकडे?" जाते, अडीच-पावणेतीन तासांत. १८ मेच्या शनिवारी आम्ही सगळे निघालो. वाटेत सेमरिंगचा घाट लागतो. १८५४ साली बांधून पूर्ण झालेली ही रेल्वे, आता जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडी पूल, बोगदे, पुन्हा पूल. सासूबाई माहेरच्या नाशिकच्या, त्या खिडकीला चिकटून बसल्या आणि कसाऱ्याचा घाट असाच, फक्त इथे माकडं नाहीत, असा निर्णय देऊन मोकळ्या झाल्या. ग्राझच्या स्टेशनावरच्या कॅफेत त्या मुलीने निळ्या पेनाने एकेक फॉर्म सही केला. मी प्रत्येक सही डोळ्यांत तेल घालून पाहत होते. सासूबाईंनी तिला आमच्या डब्यातलं थालीपीठ खायला लावलं.

सोमवारी सुट्टी (२० तारीख!), म्हणून मंगळवारी. आणि या वेळी मी आमच्या भागात गेलेच नाही. सहकाऱ्याने जाता जाता सांगितलेली गोष्ट, जी खरं तर मी या लेखाच्या पहिल्या ओळीत लिहायला हवी: व्हिएन्नात राहता त्याच जिल्ह्याच्या कार्यालयात जायचं बंधन नाही. शहरातल्या कुठल्याही जिल्हा कार्यालयात नोंदणी होते. भुयारी रेल्वेने दुसऱ्या टोकाला गेले. तिथल्या मुलीने पासपोर्ट पाहिले, सासूबाईंची देवनागरी सही पासपोर्टातल्या सहीशी बोट ठेवून ताडून पाहिली, पत्त्यात जिन्याचा क्रमांक राहिला होता तो स्वतःच लिहिला, आणि प्रिंटरमधून दाखले बाहेर पडू लागले. उशीर का झाला, हे तिने विचारलंही नाही. दंड झाला नाही. पण आम्हाला झाला नाही म्हणून कुणी निवांत राहू नका. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि सगळ्यांना फोटो पाठवले, जणू पोरं बोर्डात आली होती.

त्याच दुपारी ग्रंथालय. ग्यूर्टेल रस्त्यावरचं मुख्य ग्रंथालय भुयारी रेल्वेच्या स्टेशनावर बांधलेलं आहे, समोर प्रचंड जिना, वर चढून गेलं की शहर दिसतं. इंग्रजी मुलांची पुस्तकंही असतात. धाकट्याचा उरलेला उन्हाळा तिथेच गेला म्हटलं तरी चालेल.

जाणार असाल तर आणखी काही, आठवेल तसं. फॉर्मवर विवाहित बाईला पहिल्या लग्नाआधीचं आडनाव विचारतात. सासूबाईंचं माहेरचं नाव त्यांच्या पासपोर्टात नव्हतं, सांगितलं तेच लिहिलं गेलं, पण आधी घरी बसून ते रोमन लिपीत कसं लिहायचं हे ठरवून ठेवा, खिडकीत वाद नको. घर ठरवतानाच लिहून विचारा: नोंदणीच्या फॉर्मवर कोण सही करणार, पेनाने करणार का, आणि आम्ही पोहोचू तेव्हा तो माणूस गावात असेल का. भाडं, वायफाय, वॉशिंग मशीन हे त्यानंतर.

घरचं तूप नेऊ नका. दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांच्या सामानातून नेता येत नाहीत. लोणी विकत आणून कढवलं, छान झालं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या. रविवारी दुकानं बंद असतात. दूध संपलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची सुपरमार्केट उघडी असतात, पण तिथे सगळं व्हिएन्ना लोटलेलं असतं. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, बाटल्या विकत घेणं म्हणजे पैसे गटारात. त्या वर्षी मोठ्यांचा शहरातल्या प्रवासाचा महिन्याचा पास ५१ युरोंना होता. जूनच्या शेवटी व्हिएन्नाच्या शाळांना सुट्टी लागली, मग १५ वर्षांखालच्या मुलांना शहरात प्रवास फुकट, वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. सरकारी संग्रहालयांत १९ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत कुणालाच नाही.

पंखा पहिल्या आठवड्यातच घ्या. मेमध्ये स्वेटर घालून फिरताना हे सांगणाऱ्याला मी हसले असते. जूनमध्ये छताखालच्या मजल्यावर, ना पंखा ना एसी, पुण्यातली माणसं घामाने निथळत होती. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, हे आम्ही केलं होतं. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) व्हिसा असेल तर १८० दिवसांत ९० च, आणि पोहोचलेला दिवस व निघायचा दिवस दोन्ही त्यात मोजले जातात. परतीचं तिकीट अगदी कडेला काढू नका.

निघताना नावं काढायची असतात, तीही निघण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत. फॉर्म तोच. त्याला घर देणाऱ्याची सही लागत नाही. मी दोनदा विचारून घेतलं, खिडकीतल्या माणसाने दोन्ही वेळा मान हलवली, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.