लेकीसाठी ड्रेसाजचं सॅडल घेताना

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या, शिस्तबद्ध हालचाली करून घेण्याचा खेळ) सांघिक सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून आमच्या कन्येला जंपिंग नको, ड्रेसाजच हवं. क्लबचं जंपिंगचं सॅडल, म्हणजे खोगीर, मात्र त्याला साथ देईना. त्याचा फ्लॅप, म्हणजे पायाखाली येणारा बाजूचा पंखा, पुढे झुकलेला. पाय लांब सोडला की गुडघा निसटतो आणि मुलगी खुर्चीत बसल्यासारखी बसते. शेवटी तिला शिकवणारे सरच म्हणाले, "आता सरळ, लांब फ्लॅपचं बघा."

शोध मुलीच्या मापाने नाही, घोड्याच्या पाठीपासून सुरू झाला. ती बसते तो घोडा रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड. मान संपते तिथला उंचवटा, म्हणजे विदर्स, चांगलाच उंच आणि अरुंद. मोतद्दार मामांनी त्याला सपाट जागी चारी पायांवर नीट उभं केलं. मी जाड तार खांद्याच्या हाडामागे पाठीवर दाबून वाकवली आणि तो आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापून घेतला. दुकानात हाच पुठ्ठा कामी आला. निम्मी सॅडल्स तिथेच बाद.

उरलेली उघड्या पाठीवर, खाली पॅड न घालता ठेवून पाहिली. मुलगी बसल्यावरही विदर्सवर दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत. तळवा पॅनेलखालून (सॅडलखालच्या, पाठीवर टेकणाऱ्या गादीखालून) सरकवताना एका सॅडलमध्ये मधोमध हात अलगद आत गेला. म्हणजे भार फक्त पुढच्या-मागच्या टोकांवर. दिसायला तेच सगळ्यात देखणं होतं! पॅनेलचं मागचं टोक शेवटच्या बरगडीपलीकडे जाता कामा नये, हेही सर बोटांनी चाचपून बघत होते.

मग मुलीचं माप. साडेसोळा इंच की सतरा? वाढतं अंग म्हणून कपडे मोठे घेतो तसं इथे करू नये, असं माझं ठाम मत. सीट मोठी असली की मूल आत घरंगळतं. मागे साधारण एक तळहात जागा उरली, साडेसोळाच घेतलं. गुडघ्यापुढचे ब्लॉक फार जाड असले की पाय जखडतो, म्हणून मध्यम.

घेतलं ते वापरलेलं, सिंथेटिक, पुढची रुंदीची पट्टी बदलता येणारं. घोडा क्लबचा, उद्या दुसरा मिळाला तर? विकणाऱ्याने आधी चालवून बघू दिलं. उतरल्यावर पाठीवरचा घाम दोन्ही बाजूंना सारखा होता, मध्येच कोरडे डाग नव्हते. जंपिंगचा लांब तंग (पोटाखालून सॅडल बांधायचा पट्टा) मात्र याला चालत नाही, आखूड वेगळा घ्यावा लागतो. तो खर्च आधीच धरा.