लेहमध्ये तीन दिवस बसवून का ठेवता?

मी लडाखमध्ये ट्रेक नेतो आणि पाहुण्यांना आधी लेहमध्ये तीन दिवस थांबवतो. का, ते तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. दिल्लीचे एजंट विचारतात, पाहुणे विचारतात, परवा तर सख्ख्या मेव्हण्यानेच विचारलं, "युरोपातून एवढे पैसे मोजून आलेल्या माणसाला तू लेहमध्ये तीन दिवस नुसतं बसवून ठेवतोस?"

हो, ठेवतो.

दिल्ली समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटरवर. सव्वा तासात विमान साधारण 3,250 मीटरवर उतरवतं. माणूस पोचतो, त्याचं शरीर मागेच राहिलेलं असतं; विरळ हवेची सवय व्हायला त्याला काही दिवस लागतात. धडधाकट माणसाला हे पटवणं सगळ्यात अवघड. "मी आल्प्समध्ये सायकल चालवतो." चालवा हो! पण तिथे घाट चढून रात्री खाली झोपायला येता. इथे झोपायचंच वर, आणि घोळ बहुतेकदा रात्रीच होतो.

गंमत म्हणजे बाकीचं सगळं ऐकतात. सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र) आणू नका, भारतात परवानगीशिवाय बाळगलात तर विमानतळावरच अडकाल, असं लिहिलं की लगेच ऐकतात. पोलिसांची भीती वाटते, हवेची वाटत नाही.

माझ्या एका पाहुण्यालाही नव्हती. बेल्जियमचा, चाळिशीचा, पोटरी लोखंडासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाला, मी ठणठणीत आहे, सुट्टी मोजकी आहे, निघू या. मी निघालो. आमचा ट्रेक मार्खा खोऱ्यातला; जीप तिथे बरीच आत जाते, त्यामुळे चालण्याचा एक दिवसही वाचवला. तेव्हा त्याचं मला कौतुक वाटलं होतं.

नीमालिंगच्या मुक्कामात, साधारण 4,700 मीटरवर, रात्री दीडला त्याच्या खोकल्याने जाग आली. तंबूत तो उशी पाठीला लावून बसला होता. आडवं झालं की गुदमरत होता. छातीला कान लावला तर हुक्क्यासारखी गुडगुड. बॅटरीच्या उजेडात ओठ जांभळे. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ऑक्सिजन 58 टक्के. घोडेवाला नुसतं बघून म्हणाला, "सर, अभी नीचे." सकाळची वाट बघू या, असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते गिळलं. त्याला घोड्यावर बसवलं, बरोबरचा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर लावला आणि ओढ्याकाठच्या अंधारात खालच्या हंकर गावाची वाट धरली. घोडा घसरला की तो पुढे कोसळायचा, मी त्याला कमरेला धरून चालत होतो. हंकरला उजाडलं तेव्हा तो एक पूर्ण वाक्य बोलला: "तू मला अडवलं का नाहीस?"

याचं उत्तर त्याला दिलं नाही. तुम्हाला देतो. पुण्याचा पोरगा असता तर कान धरून बसवला असता. गोऱ्या माणसापुढे माझी जीभ जड झाली. पैसे युरोत येणार होते, हेही होतंच. पण पैशापेक्षा, "ह्याला जास्त कळत असेल" हे जास्त होतं. तेव्हाचा मी म्हणेन, तोही सज्ञान होता, धोका सांगितला होता की. सांगितला होता, पण हसत हसत.

गेल्या वर्षी एकाला तीन दिवस नियमाने बसवलं, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळीही चालू होती, तरी हंकरहून परत आणावं लागलं. मेव्हणा म्हणाला, "मग बसवून उपयोग काय झाला?"

मी विषय बदलला. सप्टेंबरात दोघं जर्मन येतायत, त्यांच्या लेहच्या तीन रात्री आधी बुक केल्या.