तुम्ही विचारलंत म्हणून: नॅनोट्यूब चादरीत का घालत नाही?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले भेटोत की लग्नातले पाहुणे, प्रश्न ठरलेला: कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अणूंची, केसापेक्षा कितीतरी बारीक नळी) पोलादाच्या शंभरपट मजबूत, मग सोलापुरी चादरीत का घालत नाही? एकदाचं नीट उत्तर देतो.

आधी तो आकडा कितपत खरा ते बघा. 2000 साली अमेरिकेत रॉडनी रुऑफ यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आत, दोन अणकुचीदार टोकांमध्ये एकेक नळी चिकटवली आणि तुटेपर्यंत ओढली. अशा 19 नळ्या. प्रत्येकीत एकात एक बसलेले कार्बनचे अनेक थर. तुटला तो फक्त बाहेरचा थर. आतले सरकून निसटले. बाहेरच्या थराचं बळ, म्हणजे तुटेपर्यंत सोसलेला ताण भागिले क्षेत्रफळ, भरलं 11 ते 63 गिगापास्कल. चांगली पोलादी तार दोन-तीनच्या घरात असते. म्हणजे सगळ्यात बळकट नळी धरली तरी शंभरपट होत नाहीच. पोलाद चौपट जड म्हणून वजनाला वजन लावलं, तर कुठे शंभराच्या आसपास पोचतं. शिवाय 63 हा आकडा त्या एकाच थराच्या क्षेत्रफळाने भागून आलाय. आतल्या थरांनी भार उचललाच नाही, त्यामुळे अख्ख्या नळीच्या क्षेत्रफळाने भागा, आकडा कोसळतो. हे कुणी सांगत नाही, आणि मला खरा राग त्याचाच आहे.

आता सूत. पिळाचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगणार? कापसाचा तंतू इंच-सव्वा इंचाचा, तरी पिळाने तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षण त्यांना सुटू देत नाही. नळ्या सहसा मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजायच्या, वर भिंती गुळगुळीत. ताण आला की घसरतात. 2004 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या रे बॉमन यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातल्या वस्त्रतज्ज्ञांना घेऊन नळ्यांचं सूत कातलं. एकेरी सुताचं बळ 150 ते 300 मेगापास्कल (हजार मेगापास्कल म्हणजे एक गिगापास्कल), दुपदरी 250 ते 460. फार तर साध्या पोलादाइतकं. पुढचे धागे बरेच सुधारले, पण एकट्या नळीचं बळ यंत्रमागावर चढेल अशा धाग्यात अजून उतरलेलं नाही.

‘मग नुसता लेप द्या.’ देता येतो. नळ्या पाण्यात सुट्या होत नाहीत, गुठळ्या धरतात. म्हणून साबणासारखं द्रव्य घालून अल्ट्रासोनिक प्रोबने, म्हणजे ध्वनिलहरींनी द्रव हादरवणाऱ्या दांडीने, फोडायच्या, भांडं बर्फात ठेवून. कमी चालवलं तर गुठळ्या राहतात, जास्त चालवलं तर नळ्याच तुटून आखूड होतात. सुती कापड बुडवायचं, वाळवायचं, साबण धुऊन काढायचा, पुन्हा बुडवायचं. कापडातून वीज वाहते, त्यावर ऊब देणारी चादर होईल. मात्र रंग काळाच. जेकार्डवरचा मोर कुणाला दिसणार?

आणि माग ठोकतो तेव्हा तंतू उडतात, त्यांच्यासोबत नळ्याही श्वासात जाऊ शकतात. अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने 2013 मध्ये हवेतल्या नॅनोट्यूबसाठी सुचवलेली मर्यादा आहे घनमीटरला 1 मायक्रोग्रॅम, आठ तासांची सरासरी. आपल्या शेडमध्ये कापसाची धूळच आवरत नाही.

पूर्वी मी सरळ म्हणायचो, कापडात नकोच. आता तेवढं ठाम म्हणवत नाही. रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या राळेसारख्या द्रव्यात) पक्की बसलेली नळी सहजासहजी उडत नाही. पण दहा धुण्यांनंतर? प्रत्येक लेपाचं उत्तर वेगळं. लेप दिलेला तुकडा आणा, त्याचं धुण्याचं पाणी आणि मागाजवळची हवा दोन्ही तपासू. त्याआधी माझ्याकडून होकार मिळणार नाही.