हुरडा, शेंगाचटणी आणि पिकअपच्या हौद्यातला सॉकेट

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. रस्ता चांगला. सिद्धेश्वराचं दर्शन, भुईकोट किल्ला, तळ्याकाठची संध्याकाळ यांत पहिला दिवस गेला. लिहायचंय ते दुसऱ्या दिवसाच्या रात्रीबद्दल, तुळजापूर रस्त्यालगतच्या ज्वारीच्या रानातल्या हुरड्याबद्दल.

गोवऱ्यांची आगटी पेटली होती, वस्तीवरची लाईट गेलेली. आमच्या पिकअपच्या हौद्यात २३० व्होल्टचा सॉकेट आहे. अमेरिकेतल्या पिकअपना तो बऱ्याचदा कंपनीतूनच येतो, पण तिकडचा १२० व्होल्टचा. इथे बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करणारा इन्व्हर्टर बसवून घ्यावा लागतो, आमचा १००० वॉटचा. नऊ वॉटचे चार बल्ब, एक उभा पंखा आणि मोबाइल मिळून शंभर वॉट होतात. बॅटरीतून साधारण दहा अँपिअर जातात. इंजिन बंद ठेवून दोन तास हे आरामात चाललं.

मग काकूंनी चटणीसाठी मिक्सर लावला. पाचशे वॉटचा मिक्सर, हजाराचा इन्व्हर्टर, तरी बटण फिरवताच शिट्टी आणि अंधार! इन्व्हर्टरची क्षमता पुरेशी होती, खोट वायरीत होती. बसवणाऱ्याने इन्व्हर्टर हौद्यात ठेवून बॅटरीपासून चार मीटर लांब ६ स्क्वेअर एमएमची बारीक वायर ओढली होती. मोटर सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट करंट ओढते, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला सव्वाशे अँपिअरच्या घरात. जाऊन-येऊन आठ मीटर तांब्यात तेवढ्यानेच जवळपास तीन व्होल्ट पडतात. बॅटरीवर साडेबारा असले तरी इन्व्हर्टरपर्यंत साडेनऊच पोचतात, आणि साडेदहाच्या खाली तो स्वतःला बंद करतो. हजारो रुपये घेऊन असं काम करून देणाऱ्यांचा मला खरोखर राग आहे.

रानात उपाय एकच होता. इंजिन चालू करून आरपीएम दीड हजारावर धरले, बॅटरीवर १४ व्होल्ट आले. पंखा काढला. भांड्यात मूठभरच भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून बटण उलट्या बाजूला एक-दोन सेकंदच फिरवायचं, सोडायचं, पुन्हा फिरवायचं. मिक्सर चालला. भरडच राहिली चटणी, आणि सोलापुरात ती तशीच हवी.

कायमचा इलाज: इन्व्हर्टर सीटमागे, बॅटरीच्या शक्य तितका जवळ, २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर एक-दीड मीटरच, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज. हौद्यापर्यंत २३० व्होल्टची तीन-कोर दीड स्क्वेअर एमएमची वायर न्यायची, कारण त्या बाजूला पाचशे वॉटला जेमतेम सव्वादोन अँपिअर लागतात. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा घ्या. स्वस्तातल्यावर पंखा घूं घूं करतो आणि तापतो. डॅशबोर्डच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला मिक्सर जोडू नका, त्याचा फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचाच असतो. आणि इंडक्शन शेगडी यावर चालत नाही, कोणी कितीही सांगो.

इंजिन चालू ठेवायचं तर गाडी कडब्यापासून लांब, मोकळ्या जमिनीवर लावा. तापलेला सायलेन्सर आणि सुकी ज्वारी ही जोडी रान पेटवते. धूर पंगतीकडे येणार नाही अशी वाऱ्याची दिशाही बघा. वस्तीच्या मालकांनी पिकअपच्या सॉकेटपासून घरच्या बोर्डाला दोन्ही टोकांना पिन असलेली वायर लावून घरातले दिवे लावायचं सुचवलं. त्याला स्पष्ट नकार दिला. तशा वायरीच्या एका टोकाच्या उघड्या पिनांत जिवंत वीज असते, आणि मेन स्विच चालू राहिला तर ती लाईनवर उलटी जाऊन खांबावरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. त्याऐवजी एक्स्टेन्शन बॉक्स ओढून ओट्यावर दोन बल्ब लावले.

शेजारच्या रानातल्या हुरडा पार्टीत जनरेटर रात्रभर धडधडत होता, त्यावर गाणी. इकडे चटणी झाल्यावर इंजिन बंद केलं, तर आगटीत कणसं तडतडताना ऐकू येत होती. मालकांनी पत्रावळीवर गूळ, दही, चटणी वाढली. निघताना पैसे विचारले तर त्यांनी हातातला फ्लास्क चहाने भरून परत दिला.