नोंद म्हणजे अर्ज नव्हे

अमेरिकी सैन्यातले एक माजी सैनिक भरपाईच्या दाव्यासाठी माझ्याकडे आले होते. त्यांच्या फायलीत सगळ्यात वर, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं २०१५ सालचं एक पत्र होतं. "दावा केव्हाच लावलाय, निकाल तेवढा यायचाय," ते म्हणाले. पत्र वाचलं आणि पोटात गोळा आला. ती बर्न पिट रजिस्ट्रीत, म्हणजे तळांवरच्या कचरा जाळायच्या खड्ड्यांचा धूर लागलेल्या सैनिकांच्या सरकारी नोंदवहीत, नाव घातल्याची पोच होती. ही नोंदवही आरोग्याच्या माहितीसाठी आणि संशोधनासाठी. भरपाईचा दावा फॉर्म २१-५२६ईझेडवरच लागतो. नऊ वर्षं माणूस ज्या निकालाची वाट बघत होता, त्याचा अर्जच झालेला नव्हता.

हे पहिलं प्रकरण नाही. 'नाव नोंदवा, पुढचं आपोआप होईल' असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. असं बोलणाऱ्यांचा मला खरोखर संताप येतो.

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. आधी त्याच मिनिटाला 'इंटेंट टू फाइल', म्हणजे दावा लावणार असल्याची सूचना, दाखल केला. त्यानं तारीख वर्षभर राखली जाते, कागद सावकाश जमवता येतात. मग बोलायला बसलो. २००६ मध्ये इराकमधल्या बलाद तळावर ट्रक दुरुस्तीचं काम, २००८ ला सेवा संपली. तिथला कचऱ्याचा खड्डा दहा एकरांच्या घरातला; प्लास्टिक, बॅटऱ्या, दवाखान्याचा कचरा, सगळ्यावर जेट विमानाचं इंधन ओतून काडी लावायची. सकाळी उशीच्या अभ्र्यावर नाकातलं काळं दिसायचं, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

"पण मी खड्ड्याजवळ होतो हे सिद्ध कसं करू?" करायचंच नाही. विषारी धुराची झळ बसलेल्या माजी सैनिकांसाठीच्या १० ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्यानं तो भार उचललाय. २ ऑगस्ट १९९० नंतर इराकमध्ये सेवा आणि सेवेनंतर निदान झालेला दमा, एवढं पुरे. डीडी-२१४ च्या, म्हणजे सेवा संपल्याच्या दाखल्याच्या, १८ व्या रकान्यात, शेऱ्यांमध्ये, इराकमधल्या तारखा होत्या. बलादचं नाव नव्हतं, त्याची गरजही नव्हती.

खरी मेहनत औषधात होती. डॉक्टरांच्या टिपणात 'गरजेनुसार इनहेलर' असं लिहिलेलं. महिन्याचे पैसे अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरतात; दम्याच्या मोजमापात अधूनमधून इनहेलर म्हणजे १० टक्के, रोजचा किंवा सूज कमी करणारा स्टिरॉइड इनहेलर म्हणजे ३०. त्यांना विचारलं, तर दोन रंगांचे दोन इनहेलर खिशातून काढून टेबलावर ठेवले. एक स्टिरॉइडचा, सकाळ-संध्याकाळ. औषधाच्या दुकानातून दर महिन्याच्या खरेदीची यादी मागवली. डॉक्टरांचा एक घाईतला शब्द कुटुंबाच्या महिन्याच्या पैशावर उठतो, हे कितीदा पाहायचं?

मग तारीख. १४ ऑगस्ट २०२३ पर्यंत दावा किंवा इंटेंट आला असता, तर पैसे ऑगस्ट २०२२ पासून धरले असते. ती मुदत गेली. तरी कायद्यानं सवलत वाढवली आणि अर्ज वर्षानंतर आला, तर अर्जाच्या एक वर्ष मागे जाता येतं. अट एकच: कायदा लागू झाला त्या दिवशी आजार असायला हवा आणि तेव्हापासून तो सलग असायला हवा. निदान २०१२ चं सापडलं, म्हणून सप्टेंबर २०२३ पासूनचे पैसे मागितले, दाव्यात स्पष्ट शब्दांत. न मागता कुणी देईल या भरवशावर मी राहत नाही. तरीही ऑगस्ट २०२२ पासूनच्या तेरा महिन्यांचे पैसे गेलेच.

याआधी एका 'सल्लागारा'नं त्यांच्याकडे पैसे मागितले होते. पहिला दावा तयार करून देण्यासाठी पैसे घेण्याची कायद्यानं कुणालाच मुभा नाही. मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम फुकट करून देतो.

जाताना त्यांनी ते २०१५ चं पत्र कचऱ्याच्या डब्याकडे नेलं. मी थांबवलं. नोंदणीच्या वेळच्या उत्तरांची छापील प्रत त्यांच्या घरी निघाली. जिना चढताना धाप लागते, असं त्यात त्यांनी स्वतः भरलेलं होतं. ती प्रत पुरावा म्हणून दाव्याला जोडली, दम्याच्या निदानाच्या कागदामागे.